निळीचे कपडे

सासूने काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि गच्चीतल्या दोरीकडे पाहिलं. चादरी, उशांचे अभ्रे, मुलाचे सदरे. सगळे निळे. आभाळाला ठिगळ लावलं तर कळू नये इतके निळे.

“हे कुणाचे गं कपडे?”

“आपलेच,” ओला टॉवेल झटकत सून म्हणाली.

“नवे आणले?”

“नाही हो आई. जुनेच आहेत.”

सासूने ऑपरेशन झालेला नवा डोळा मिटून जुना उघडा ठेवला. निळाई विझली. दोरीवर पिवळट, मळकट चादरी लोंबू लागल्या, रोज दिसायच्या तशाच. मग जुना मिटून नवा उघडला. पुन्हा निळंच निळं.

सकाळी पट्टी काढताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. तो थेंबांनी विरघळत नाही. गढूळ भिंग काढून तिथे स्वच्छ भिंग बसवावं लागतं. “मोतीबिंदूतून पांढरं पिवळट दिसतं, आजी. निळं तर नीट कळतच नाही. आणि येतो हळूहळू, म्हणून माणसाला वाटतं, जगच मळलंय.” तेव्हा सासू हसली होती.

आता तिला तिचाच आवाज ऐकू आला. अजून पिवळेच आहेत, टाक नीळ. अजून टाक. माहेरी धुणं शिकवलं नाही वाटतं? शेजारणींसमोर म्हणाली होती ती. शेजारणी खाली बघत राहिल्या होत्या. सुनेची लाज वाटून, असं तिने धरलं होतं.

मुलगा जिना चढून वर आला. अंगात तसलाच सदरा.

“काय आई, दिसतंय का नीट?”

“तू हे घालून कामावर जातोस?”

“जातो की. तिथे मला आभाळराव म्हणतात.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“बोललो होतो. तू दोन दिवस जेवली नाहीस.”

तो हसत हसत खाली गेला. सून टॉवेलाला चिमटा लावत होती. तिच्या नखांच्या कडांना नीळ बसली होती, घासूनही न निघणारी. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. इतक्या जवळून हे हात सासूने कधी पाहिले नव्हते, की पाहूनही दिसले नव्हते, तिचं तिलाच कळेना.

“अगं,” ती म्हणाली.

“काय हो, आई?”

“काही नाही.”

तिने नजर वळवली. गच्चीच्या कोपऱ्यात, खिळ्याला अडकवून, सुनेचा बेकरीतला एप्रन वाळत होता. सगळ्या धुण्यापासून लांब. तुझं ते कळकट फडकं माझ्या कपड्यांना चिकटवू नकोस, असं सासूनेच तिला बजावलं होतं.

एप्रन वाऱ्याने उलगडला. पांढरा. दुधासारखा पांढरा.

सासूचा हात आपसूक वर गेला, नव्या डोळ्याकडे, तो झाकायला.

सुनेने तो हात अलगद धरला. “नको आई, डोळ्याला हात लावायचा नाही. दुखेल तुम्हाला.”