पातळ पारी

चहाघराचे मालक लाम शेठ यांनी बांबूच्या टोपलीवरचं झाकण काढलं आणि ती स्वतःच कोंग वस्तादांच्या पुढ्यात सरकवली.

"खा आणि सांगा. फूंग-यीच्या हातचं तुम्ही नापास केलंत, तर सोमवारपासून शेनझेनच्या कारखान्यातला गोठवलेला माल. डोक्याला ताप नको."

फूंग-यी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. बावीस वर्षं तिनं वस्तादांच्या शेजारी उभं राहून डिम सम, म्हणजे चहाबरोबर खायचे वाफवलेले पदार्थ, केले होते. दोन महिन्यांपूर्वी ते घरी बसले, गुडघे गेले असं सांगून. गुडघे ठणठणीत होते. गेला होता तो उजवा हात. तो थरथरायचा, आणि शेवटचं वर्षभर त्यांच्या वाट्याचं काम तीच गुपचूप उरकत होती. ही गोष्ट दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

म्हणून तर आज पहाटे तिनं कोळंबी भरून मोदकासारख्या वाफवलेल्या हा-गाऊची पारी केसभर जाड ठेवली. त्या हातातल्या खायच्या थरथरत्या काड्यांत पातळ पारी टिकली नसती, आणि भरल्या चहाघरात वस्तादांची शोभा झाली असती.

वस्तादांनी एक हा-गाऊ उचलला. तो डुगडुगला, पण फाटला नाही. त्यांनी तो सावकाश चावला आणि काड्या खाली ठेवल्या.

"जाड आहे."

"बघा!" लाम शेठ म्हणाला. "मी म्हणतच होतो."

"तू गप रे." वस्ताद फूंग-यीकडे वळले. "माझ्यासाठी केलीस होय अशी?"

तिनं मान खाली घातली.

"माझी कीव करतेस? जा, रोजच्यासारखे करून आण."

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. पण तेल लावलेला बोथट सुरा हातात आला आणि जीव थाऱ्यावर आला. पिठाच्या गोळीवर सुऱ्याचं पातं दाबून एकदा फिरवलं की गोल पारी तयार, आरपार दिसेल अशी. आत कोळंबी, वर बोटांनी भराभर घातलेल्या तेरा चुण्या. तिच्या हाताला असं वळण होतं की वाफेवर भांडी चढवणारा पोऱ्यासुद्धा बघत राहायचा. आज मात्र तिला कुणी बघायला नको होतं.

टोपली आली. पारीतून कोळंबीचा गुलाबी रंग दिसत होता. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं.

वस्तादांनी काड्या पुढे केल्या. हा-गाऊ टोपलीतून वर आला, हेलकावला, आणि तोंडापाशी पोचता पोचता फाटला. रस टेबलावर सांडला, कोळंबी बशीत पडली. लाम शेठ त्या हाताकडे बघतच राहिला.

फूंग-यी धावत पुढे आली. "वस्ताद, पारीच चुकली माझी..."

"पारी चोख आहे," वस्ताद म्हणाले, चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "फाटली ती माझ्या हातानं. लाम, गुडघ्यांचं खोटं होतं. वर्षभर तू माझे म्हणून जे हा-गाऊ विकलेस, ते हिचे होते."

वस्तादांनी बशी जवळ ओढली.

"उभी काय राहिलीस, पोरी? चमचा आण. गरम आहेत तोवर खाऊ दे."