कोरं पान

"ही वेलबुट्टी कंपनीच्या नावावर आहे. परवानगीशिवाय कोरता येणार नाही," मशीन शुद्ध मराठीत म्हणालं आणि थांबलं. सागवानी देव्हाऱ्याची चौकट त्याच्या पोटात तशीच अडकली.

शेवंताबाई मेस्त्री उसळल्या. "कंपनीच्या? माझ्या सासऱ्यांची वेल ती!"

"आई, ओरडून काय होणार?" दिगंबर म्हणाला. "मशीन जे काम बघतं, ते कंपनीचं होतं. परदेशातून मागवताना बाबांनीच तशा करारावर सही केली होती. वेलही त्यांनीच त्याला शिकवली."

शेवंताबाईंनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. वेलीचं शेवटचं पान कोरं होतं. काम कधी संपू नये, म्हणून मेस्त्र्यांच्या घरात एक पान कोरं सोडत.

"चोरांनी कोरं पानसुद्धा उचललंय! विचार त्याला, ते का सोडलंय?"

"ती चूक आहे," मशीनच बोललं. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल."

शेवंताबाईंनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि मशीनच्या कॅमेऱ्यावर फेकलं. मग फळीवरून नवऱ्याची पटाशी काढून मुलासमोर आपटली. "घे. हाताने कोर."

दिगंबरने पटाशी उचलली, ती उलटी. सुताराचा चाळीस वर्षांचा मुलगा! राग आता कुणावर काढावा, हेच त्यांना कळेना. त्यांनी त्याचा अंगठा धरून पात्यामागे असा दाबला की तो कळवळला.

"लागलं?"

"लागलं."

"लागू दे. देठापासून सुरू कर. शेवटच्या पानाला हात लावलास तर बघ!"