हेल्मेट नव्हतं म्हणून

"सही करा, ताई. मग विषय संपला," हितेशनं कागद येसूपुढे सरकवला.

येसूनं कागदाला हात लावला नाही. वीस दिवसांपूर्वी तिचा नवरा चंद्रा सायकलवरून ड्युटीला जाताना राहनाळच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला होता. ट्रेलर गोडाऊनचा. चंद्रा त्याच गोडाऊनमध्ये माल चढवायचा आणि हा हितेश तिथलाच मॅनेजर. मेलेल्या माणसाच्या माथ्यावर खापर फोडायला साहेब पाड्यापर्यंत गाडी घेऊन आले होते. चंद्रानं हेल्मेट घातलं नव्हतं, चूक त्याचीच, असं येसूनं लिहून द्यायचं होतं.

"प्रत्येक सायकलवाल्याला कंपनीनं हेल्मेट दिलं. वर नाव घालून दिलं. आता घालायचंच नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार?"

"ट्रेलर उलट्या बाजूनं आला, त्याचं काय?"

"हेल्मेट असतं तर वाचला असता."

"म्हंजी तुमचा ट्रेलर कसाबी येवो, डोकं आमीच सांभालायचं? मंग त्या डायवरला चष्मा तरी द्या की!"

दारात उभी असलेली तिची लेक रोशनी उसळली. "बाबा हेल्मेट घालूनच निघालेला. मी बघितलंय."

"मग गेलं कुठं? रस्त्यावर नाही, नाल्यात नाही, पोलिसांच्या पंचनाम्यात नाही." हितेश येसूकडे वळला. "तुम्ही तर पोलिसांच्या आधी पोचला होता. तुम्हाला दिसलं का?"

हितेशनं खुर्ची जरा मागे सरकवली, तोच कोपऱ्यातल्या टोपलीतून कोंबडीनं त्याच्या घोट्याला टोच मारली.

"आई गं! ही काय भानगड?"

"खुडूक हाय. अंड्यांवर बसलीय. कुनाला जवल येऊ देत न्हाय."

रोशनीनं तोंड फिरवलं. बाप गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं ही कोंबडी बसवली होती. पाड्यावरच्या बायकांनी तोंडात बोटं घातली होती. रोशनीला तर चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"त्यांची सायकल तुमची मानसं घेऊन गेली, तपासायला म्हनून," येसू म्हणाली. "कुठं हाय ती?"

"असेल कुठंतरी. भंगारातही गेली असेल. सायकलीचं काय घेऊन बसलात? मुलीचं बघा. उद्यापासून पॅकिंगला लावून घेतो."

"मला नको तुमचं पॅकिंग!" रोशनी ओरडली. "आये, सही केलीस तर मी तुझी कोन न्हाय!"

येसूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "करते सही. पन एकतर्फी न्हाय करनार. खाली तुमच्या हातानं ल्ह्या. हेल्मेट न्हवतं म्हनून चूक त्याची. डोक्यात असतं तर चूक तुमच्या ट्रेलरची."

हितेशला हसू आलं. "त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"बरं बाई, लिहितो."

"दोन कागद करा. एक माझ्याकडं. आनि शिक्का मारा."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, सही केली, बॅगेतून शिक्का काढून दोन्ही कागदांवर मारला. मग येसूनं एकेक अक्षर गिरवत आपलं नाव लिहिलं. रोशनी भिंतीला टेकून रडायला लागली.

येसूनं आपला कागद घडी करून पोलक्यात ठेवला, पदर खोचला आणि कोपऱ्यात जाऊन कोंबडी दोन्ही हातांनी उचलली. कोंबडीनं घर डोक्यावर घेतलं.

"रोशने, रडू नको. अंडी धर."

एकेक अंडं लेकीच्या ओंजळीत देऊन तिनं टोपलीतला पेंढा उपसला आणि तळाशी ठेवलेलं हेल्मेट हितेशच्या पुढ्यात मांडलं. ते मधोमध चिरडलं होतं, वर टायरची नक्षी उठली होती, पुढे चंद्राचं नाव होतं, आणि तुटून लोंबणाऱ्या पट्ट्याचं बक्कल अजून लावलेलंच होतं.