सशाची गोळी, कोल्ह्याची गोळी

वैभवीने जर्मनीत द्राक्षमळा राखण्यासाठी शिकारीचा परवाना काढला, तेव्हा "आपल्या घरात कुणी झुरळसुद्धा मारलं नाही," एवढंच म्हणून सासऱ्यांनी अबोला धरला. आज बंदुकीच्या दुकानात ते आले, तेही नाइलाजाने.

दुकानदाराने सवयीने त्यांनाच इंग्रजीत विचारलं, "द्राक्षमळ्यातल्या सशांसाठी आणि कोल्ह्यांसाठी एकच रायफल देऊ?"

"नको, दोन द्या," वैभवी म्हणाली. "सशाला पॉइंट टू-टूची हलकी गोळी पुरते. कोल्हा तेवढ्याने मरत नाही, तडफडत राहतो. त्याला ट्रिपल टूची, जास्त जोराची."

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं जर्मनमध्ये म्हणत दुकानदार अदबीने तिच्याकडे वळला.

परतताना गाडीत सासरे घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, इतकी वर्षं दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. यंदा शस्त्रपूजेला दोन्ही रायफली मांड. कोल्ह्याची पुढे."