स्वतः विचार करून

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. पाच वर्षांच्या जीनानं झाकण पायानं दाबून थांबवलं आणि मम्मीकडे पाहिलं. मम्मी रागावली नाही. सालोमी, वसई कोर्टातली सरकारी वकील, हातातला कागद तिसऱ्यांदा वाचत होती.

कागद घेऊन आलेले दिनानाथ, तिच्या ऑफिसातले जुने कारकून, दाराशीच उभे होते. चहालाही नको म्हणाले होते.

"मॅडम, वरून आलाय. फक्त सही. अकराच्या आत कोर्टात द्यायचा."

नायगावच्या खाडीत भराव टाकणारे डंपर अडवले, म्हणून बिल्डरच्या माणसांनी गावातल्या म्हाताऱ्या ॲन्सेल्म अंकलचे दोन्ही पाय मोडले होते. तो खटला जनहितासाठी मागे घ्यावा, असा सालोमीच्या नावानं लिहिलेला अर्ज. आणि आज अकरालाच अंकलची साक्ष होती.

"'मी सर्व कागदपत्रे वाचून, स्वतः विचार करून...'" सालोमी थांबली. "हा माझा विचार टाइप कोणी केला, काका?"

"तुमचा तेवढाच त्रास वाचवला म्हणायचं." दिनानाथांचा चेहरा हलला नाही. "तुमची सही नसेल तर अर्ज चालत नाही. मग तुमची बदली होईल, दुसरं कुणी येईल."

"कधी?"

"ऑर्डर निघायला दोन दिवस तरी जातात."

"साक्ष आज आहे."

तिनं पेन उघडलं. छापलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'कागदपत्रे वाचली. विचार केला. खटला मागे घेण्याचे कारण दिसत नाही.' मग पूर्ण नावानिशी सही केली.

दिनानाथांनी कागद दोनदा वाचला, घडी न घालता पिशवीत ठेवला. चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीत ऐसपैस बसले.

"आता चहा चालेल," म्हणाले. "अंकल आठलाच येऊन बसलेत कोर्टाच्या बाकावर. इस्त्रीचा सदरा घालून."

सालोमी हसली. चहा दिला, झाकण धुऊन डब्यावर घट्ट बसवलं, काळा कोट चढवला. जीना कोटाचं बटण धरून उभी राहिली.

"मम्मी, मला तू सगळ्यांचं ऐकायला लावतेस. मग तू कोणाचं ऐकतेस?"

दिनानाथांची बशी ओठांपाशीच थांबली. तेही वाट बघत होते.