जोडीचा सेट

जीप रस्त्यापलीकडे उभी करून आलेल्या किसनरावांनी वॉकीटॉकी कुर्बानच्या दुकानात काउंटरवर ठेवला आणि याची जोडी पाहिजे म्हणाले. मोझरीकडच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता म्हणे.

कुर्बानने सवयीने बॅटरी काढून आतले लेबल वाचले. डिजिटल सेट, पाच वॅटचा. असला सेट त्याच जातीच्या, त्याच कोडवर बसवलेल्या सेटशीच बोलतो. मग कडेला प्लॅस्टिक वितळल्याची खूण दिसली आणि त्याचा हात थांबला. दुरुस्ती करताना ती त्याच्याच हातून पडली होती.

"कुठून आनला?"

"अमरावतीहून. जुन्या मालाच्या दुकानातून."

म्हणजे जुबेरने, अमरावतीला गेलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, तो विकला होता. दोघे एकाच जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, होते. कुर्बान वजनकाट्यावर, जुबेर कापसाच्या गंजीपाशी, आणि दोघांच्या हाती ही जोडी. कापूस येईनासा झाला, जिनिंग बंद पडली, घरात भांडणे सुरू झाली. एकदा रागाच्या भरात कुर्बान बोलून गेला, पुन्हा तोंड दाखवू नको. धाकट्याने ते मनावर घेतले. तेव्हापासून आपला सेट कुर्बानने गल्ल्याखाली चार्ज करून ठेवला होता. अकोल्याहून अमरावतीला त्याचा आवाज पोचणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? तरी ठेवला होता.

त्याने किसनरावांच्या सेटला बॅटरी परत लावली, आपला सेट काढला, बटण दाबले. किसनरावांच्या सेटवर इंग्रजी अक्षरांत नाव उमटले: भाईजान.

सेट विकण्याआधी आतली नावे पुसून टाकायची, ही या धंद्यातली पहिली रीत. जुबेरने तेवढीही तसदी घेतली नव्हती. आपण त्याला एवढे नकोसे झालो, या विचाराने कुर्बानने आपला सेट पुढे सरकवला.

"हा घ्या, जोडीचाच हाये," तो म्हणाला.

किसनरावांनी ना भाव केला, ना आवाज किती लांब जातो ते विचारले.

"तुमचा सोताचा दिसते. विकाचा नसन तर राहू द्या, भाऊ."

"घेऊन जा. मले आता काय कामाचा?"

ते उगाच थोडे रेंगाळले. मग दोन्ही सेट घेऊन जीपकडे गेले. दुकानातून न दिसणाऱ्या बाजूची, मघापासून बंद असलेली मागची काच खाली झाली. आत जुबेर होता, मांडीवर मिठाईचा डबा घेऊन. "ठेवला होता, पन देऊन टाकला," म्हणत किसनरावांनी दोन्ही सेट त्याच्या हाती दिले. त्याने मान खाली घातली आणि काच पुन्हा वर गेली.