सर्दी काही बरी होईना

“एकसुद्धा नाही?” बाई किंचाळल्याच. “अहो, एकाचंही नाक वाहायचं थांबलं नाही?”

“एकाचंही नाही,” व्यवस्थापक म्हणाला. “नर्सबाई रोज वॉर्डाच्या दारात येऊन सांगतात, तुमचं औषध घेणारे सगळे बेजार आहेत म्हणून. संध्याकाळपर्यंत हेच राहिलं, तर तुमच्या प्रयोगशाळेला कुलूप. साहेब तसं सांगूनच गेलेत.”

“आणि साहेब आहेत कुठे?”

“बाहेरगावी.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरगावी म्हणे! उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सर्दीवरचं औषध शोधण्यात घातली होती. कारखान्यात लोक त्यांना ‘नाकवाल्या बाई’ म्हणायचे, तेही त्यांनी हसून चालवून घेतलं. आणि औषध सापडलं होतं की! अगदी खरंखुरं, सर्दीला पार पळवून लावणारं. सासूबाईंना सकाळी एक चमचा दिला, तर कित्येक दिवस कसलाच वास न येणाऱ्या सासूबाई दुपारी तरातरा स्वयंपाकघरात आल्या आणि “भाजी करपवलीस ना?” म्हणून सुनेवर डाफरल्या. बोलणी खाऊन इतकी आनंदलेली सून जगात दुसरी नसेल. मग वॉर्डातल्या लोकांनाच काय धाड भरली होती?

दिराने तर आधीच बजावलं होतं. “वहिनी, तुम्ही फार भोळ्या आहात. हा अख्खा कारखाना सर्दीच्या सिरपवर उभा आहे. लोकांची सर्दी गेली, तर तुमचे साहेब विकणार काय, रिकाम्या बाटल्या? ते तुमचं औषध बाहेर येऊच देणार नाहीत, लिहून ठेवा.” तेव्हा बाईंनी त्याला उडवून लावलं होतं. आता मात्र सगळं जुळायला लागलं. साहेबांनी त्या लोकांना पैसे चारले असणार. नाहीतर औषधाच्या जागी साधं पाणी पाजलं असणार.

औषधाच्या चाचणीसाठी कारखान्यातच उघडलेल्या या वॉर्डात जायची बाईंना बंदी होती, आणि ती त्यांनी स्वतःच घातली होती. औषध शोधणाऱ्याने रोग्यांकडे फिरकायचं नाही, उगाच निकालावर छाप पडायला नको. बाकीचे नियमही त्यांचेच, आणि त्यांना त्यांचा भारी अभिमान होता. सर्दी झालेला कारखान्यातला कुणीही भरती होऊ शकेल. रोग्याला खाटेच्या नंबरानेच ओळखायचं, नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. फोन दाराबाहेर. जेवण जागेवर, पगार पूर्ण. सर्दी असेपर्यंत खाट सोडायची नाही आणि बरं वाटलं की त्याच दिवशी कामावर हजर.

आज बाईंनी सगळे नियम धाब्यावर बसवले. पदर खोचला आणि तडक निघाल्या. वॉर्डाच्या दाराशी त्यांनी कान लावला. आतून शिंक नाही, खोकला नाही, काही नाही. आतून हसण्याचा गडगडाट येत होता.

त्यांनी दार ढकललं.

आत खाटा एकमेकींना जोडून मोठा थोरला चौक केला होता आणि त्यावर पत्त्यांचा डाव रंगात आला होता. पॅकिंगमधल्या मावशी मांडी ठोकून बसल्या होत्या. ट्रकचा ड्रायव्हर लोळत होता. आणि पत्ते कोण वाटत होतं? नर्सबाई! बाईंना पाहताच सगळे दगड झाले. मग एकाएकी चारी बाजूंनी शिंकांचा पाऊस सुरू झाला.

बाईंनी जन्मभर शिंकाच तर ऐकल्या होत्या. यातली एकही खरी नव्हती. सगळ्यांची नाकं कोरडी ठणठणीत! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही फुटलं. “चालतंय!” त्या जागच्या जागी उड्या मारू लागल्या. “अगं बाई, चालतंय माझं औषध!” आणि मग उडी मारता मारताच त्यांना राग आठवला. “ही नाटकं कुणी शिकवली तुम्हाला? साहेबांनीच ना? किती पैसे चारले त्यांनी?”

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहिलं. तिथल्या पांघरुणातून हळूच एक डोकं वर आलं. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, पत्ते छातीशी धरलेले. साक्षात साहेब!

“पैसे कशाला चारू?” साहेब ओशाळून म्हणाले. “मला सर्दी झाली होती. म्हटलं, बाहेरगावी जातो असं सांगावं आणि गुपचूप स्वतःवरच औषध करून बघावं. पहिल्याच दुपारी खडखडीत बरा झालो. औषध एक नंबर आहे, बाई. सिरप गेलं खड्ड्यात, आता आपण हेच विकायचं. माझा शब्द.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“बरा झालो म्हटलं की त्याच दिवशी कामावर हजर. तुमचाच नियम.”

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी वाढून दिलेलं गरम गरम जेवतेय हो मी,” मावशी हळूच म्हणाल्या.

साहेबांनी सरकून जागा केली आणि नर्सबाईंनी न विचारताच आणखी एकाची पानं वाटली.

“बसा,” साहेब म्हणाले. “याआधी तुम्ही अशा निवांत कधी बसला होतात?”

उत्तर द्यायला बाईंनी तोंड उघडलं. खूप आठवून पाहिलं. मग तोंड मिटलं आणि त्या खाटेवर टेकल्या. पत्ते उचलून बघतात तर काय, पानं अशी झकास आली होती की बघत राहावं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

“बाई, आत आहात का?” बाहेरून व्यवस्थापकाचा आवाज आला. “झालं का कुणी बरं? मी येऊ का आत?”

खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखून बाईंकडे पाहिलं. साहेबांनी तर हातच जोडले.

बाईंनी पानं नीट लावली आणि दोन बोटांनी स्वतःचं नाक दाबलं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही आत येऊ नका. आता मलाही झालीये.”